जामीन विकत घेऊं नका

(गांवच्या चावडीपुढें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय पुस्तकांतला नव्हे, तुमच्या आमच्या उंबऱ्यावरचा आहे. घरांतला माणूस पोलिसांनीं धरून नेला म्हणजे त्याला सोडवून कसा आणावा, आणि तसें करतांना फसूं कसें नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं बांधाच्या भांडणांत एका सुताराचा मुलगा धरला गेला. तो आमच्याच शाळेंत शिकलेला. कोर्टानें पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला व एक जामीनदार आणण्यास सांगितलें. सुताराला जमीन नाहीं, भावकींतही कोणाला नाहीं. तो रात्रीं आमच्या दारीं आला व म्हणाला, "गुरुजी, तुम्ही जामीन राहा." आम्हीं नोकरीची अडचण सांगितली. खरें म्हणाल तर अडचण नव्हती, भीति होती.

दुसरे दिवशीं कोर्टाच्या फाटकाशीं त्याला एक इसम भेटला. तीन हजार द्या, सातबाऱ्यासकट जामीनदार उभा करतों, असें तो म्हणाला. सुतारानें बायकोच्या कानांतलें मोडलें व पैसे दिले. मुलगा सुटला. चार महिन्यांनीं तो सातबारा बनावट निघाला, मुलावर वॉरंट निघालें आणि तो पुन्हां आंत गेला. पैसे घेणारा इसम पुन्हां दिसला नाहीं. या पापाचा अर्धा वांटा आमच्या माथीं आहे, असें आम्ही समजतों.

आम्ही भ्यालों, कारण आम्हीं दोन जामिनांची गल्लत केली. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलें व कर्जदारानें पैसे बुडविले, तर तें कर्ज जामीनदाराच्या बोकांडीं बसतें. त्या अनुभवानें आपले लोक जामीन हा शब्द ऐकतांच दचकतात. कोर्टाचा जामीनदार कोणाचें कर्ज फेडीत नाहीं, कीं आरोपी निर्दोष आहे अशी ग्वाही देत नाहीं. तो एवढेंच लिहून देतो कीं, हा मनुष्य तारखेस हजर राहील. न राहिला तर ठरलेली रक्कम मी भरीन. मनुष्य हजर राहिला तर जामीनदाराची एक पैही जात नाहीं. पुढें त्याचा भरंवसा वाटेनासा झाला, तर मला या हमींतून मोकळें करा असा अर्ज जामीनदारास केव्हांही करतां येतो.

अमेरिकेंत ही हमी दुकानांत विकत मिळते. तेथें बहुतेक राज्यांत जामीन देणाऱ्या दलालांच्या पेढ्या आहेत. कोर्टानें दहा हजार डॉलर मागितले, तर दलाल साधारणपणें एक हजार घेतो व हमी देतो. आरोपी निर्दोष सुटला तरी ते एक हजार परत मिळत नाहींत. आतां हिशेब पाहा. श्रीमंत सगळी रक्कम स्वतः भरतो आणि तारखा पाळून शेवटीं परत घेतो. गरीब दहावा हिस्सा भरतो आणि तो कायमचा घालवितो! तेथेंही हें कांहीं लोकांस खटकलें. केंटकी राज्यानें १९७६ सालीं हा धंदा बंद केला, आणि इलिनॉय राज्यानें १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच काढून टाकला.

आपल्याकडे अशी पेढी कायद्याला मान्य नाहीं. जामीनदाराचें नुकसान आरोपीनेंच भरून द्यावें असा करार झाला, तर आरोपीवर नजर ठेवण्याचें जामीनदारास कारणच उरत नाहीं. म्हणून तो करार लोकहिताविरुद्ध समजला जातो. आपण आणखी किती जणांस जामीन आहों, हेंही जामीनदारास कोर्टापुढें लिहून द्यावें लागतें. तरी फाटकाशीं धंदा चालतोच. कां चालतो? गरिबाला स्वतःचा जामीनदार मिळत नाहीं म्हणून चालतो.

मध्य प्रदेशांतील मोतीराम नांवाच्या गवंड्याची हकीकत ऐका. सर्वोच्च न्यायालयानें त्याला जामिनावर सोडण्यास सांगितलें. खालच्या कोर्टानें दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून तो नाकारला. १९७८ सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हें चूक ठरवून मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडविलें. जातमुचलका म्हणजे आरोपीनें स्वतःच लिहून दिलेली हमी. तिला दुसरा जामीनदार लागत नाहीं.

आतां १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यांतल्या कांहीं गोष्टी पदराला गांठ मारून ठेवा. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे. अशा गुन्ह्यांत अटकेपासून एका आठवड्यांत जामीन देतां आला नाहीं, तर तो मनुष्य गरीब आहे असें धरून कोर्टानें त्याला जातमुचलक्यावर सोडावयाचें असतें. जामिनाची रक्कम अवाजवी असूं नये असें कलम आहे. ती कमी करण्यासाठीं सेशन्स कोर्टांत जातां येतें. कोर्टानें परवानगी दिल्यास हमीऐवजीं रोख रक्कम ठेवतां येते. ती पावती घेऊन कोर्टांतच भरावी. फाटकावरच्या माणसाच्या हातीं देऊं नये.

जामीन मंजूर होऊनही महिनाभरांत हमी देतां आली नाहीं, तर अटी सैल करण्याचा विचार कोर्टानें आपण होऊन करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें ३१ जानेवारी २०२३ रोजीं सांगितलें आहे. आणि कोठडींतल्या माणसास, त्याचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. त्यासाठीं तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे जावें, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

परंतु कायदा कितीही चांगला असला तरी पुष्कळदां कोर्ट जामीनदार मागतेंच. तेथें गांवानें उभें राहिलें पाहिजे. ज्यांच्या नांवावर जमीन किंवा घर आहे, ज्यांना पगार आहे, अशा पांचसात जणांनीं आपला सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला तयार ठेवावा. ओळखीच्या माणसालाच जामीन राहावें, आणि तारखेच्या आदल्या रात्रीं त्याच्या घरीं जाऊन आठवण द्यावी. त्या सुताराच्या प्रकरणानंतर आम्ही दोघांना जामीन राहिलों. दोघांनींही एकही तारीख चुकविली नाहीं, आणि आमच्या नोकरीलाही कांहीं झालें नाहीं.

ज्यांची तयारी असेल त्यांनीं सभा संपल्यावर या वहींत नांव लिहावें. पहिलें नांव आम्हीं आमचें लिहिलें आहे.