आपल्या पाण्यावर वीज कोठे होईल?

(पेडगाव, जि. परभणी येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



ओढ्याला पूर आला की हमखास विचारले जाते, "एवढे पाणी वाया जाते, त्यावर गावापुरती वीज का होत नाही?" प्रश्न रास्त आहे.

पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, यावर वीज ठरते. दर सेकंदाचे घनमीटर गुणिले पडण्याची उंची मीटरमध्ये, त्याला साडेसातने गुणा. अंदाजे तितके किलोवॅट. कोयनेचे पाणी कोकणात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते. आपला मुलूख सपाट.

जागा शोधायला पूर्वी सर्वेक्षणाचे नकाशे पसरून समान उंचीच्या रेषा पाहात. या रेषा नदीवर जवळजवळ आल्या की तेथे उतार जास्त. आता हे काम संगणक करतो. 2000 साली अमेरिकी अंतराळयानातून झालेल्या मोजणीमुळे दर 30 मीटरवरची जमिनीची उंची मिळते; आपल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाचीही माहिती आहे. तिला पाऊस आणि विसर्गाच्या नोंदी जोडल्या की संभाव्य जागा पुढे येतात.

पण या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. सह्याद्रीत ती खपते. आपल्याकडे कालव्याचा धबधबाच दोन-तीन मीटरचा! तेथे लेव्हल यंत्र घेऊन प्रत्यक्ष मोजणीच हवी. शिवाय ओढा दिवाळीनंतर आटतो; चार दिवसांच्या पुरावर यंत्र परवडत नाही.

म्हणून आपल्याकडे धरणाचा पायथा आणि कालव्याचे धबधबे पाहावेत. पूर्णेवरील येलदरीला साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. जनित्रातून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडते आणि तेथून कालव्याने शेताला जाते. एकाच पाण्याची दोन कामे! मात्र पाणी सोडायची वेळ पिकाने ठरवावी, विजेने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कालव्यात 350 क्युसेक, म्हणजे सुमारे 10 घनमीटर पाणी दोन मीटर पडत असेल, तर दीडशे किलोवॅट मिळतील. पाच अश्वशक्तीचे तीसेक पंप चालतील, तेही पाळी सुरू असेपर्यंतच.

तुमच्या शिवारात असा धबधबा असेल, तर कालवा वर्षात किती दिवस वाहतो आणि पाणी किती खोल असते, हे यंदा प्रत्येक पाळीला वहीत टिपून ठेवा. अभियंता आला की तो पहिल्यांदा हेच विचारील.