उघड्या सांगाड्याचं विमान

शिरूर अनंतपाळच्या शिवारातला विजेचा मनोरा आठवा: नुसते लोखंडी त्रिकोण, तरी जड तारा पेलणारे. काही हलकी विमानंही अशीच, अंगावर आवरण नसलेली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी वैमानिक आंरी पेके यांनी अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानाने नेली, तेही उघड्यावर बसूनच. १९६४ साली अमेरिकेत तिघांनी घडवलेल्या ‘ब्रीझी’तही वैमानिक नळ्यांच्या सांगाड्याच्या अगदी पुढच्या टोकाला बसतो, पंख मात्र मढवलेले. कारण विमान उचलतात ते पंख, आणि धडाची ताकद असते जोडलेल्या नळ्यांत.

कुणी म्हणेल, उघड्या नळ्या वाऱ्याला अडतात. खरंच अडतात, आणि वेग दुप्पट झाला की हा अडथळा चौपट होतो. म्हणून वेगवान विमानाला आवरण हवंच. संथ उड्डाणात मात्र हा तोटा सोसवतो, शिवाय जवळपास प्रत्येक सांधा उड्डाणाआधी डोळ्यांनी तपासता येतो. मला हा लाभ फार मोलाचा वाटतो. धोका आहेच: वारा, गारठा, एखादा पक्षी थेट अंगावर येतो. त्यामुळे हेल्मेट, चष्मा आणि घट्ट आवळलेला पट्टा यांत तडजोड नाही.