ज्ञानाचे दार कानानेही उघडते

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारे, पण तीच पुस्तकातून वाचायला उभे केले की गप्प होणारे मूल आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळेत आपण त्याला ‘ढ’ म्हणतो, घरी आळशी. मूल हळूहळू स्वतःही तसेच मानू लागते. खरी हानी येथे होते. वाचनाची अडचण म्हणजे बुद्धीचा अभाव नव्हे.

देवनागरी शास्त्रशुद्ध आहे. तरीही अशा मुलाची बाजू समजून घ्या. ‘दिवस’ लिहिताना वेलांटी ‘द’च्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. ‘सूर्य’ म्हणताना ‘र्’ आधी येतो, पण रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो. आपल्या अंगवळणी पडलेली ही वळणे त्याला प्रत्येक ओळीत अडवतात. अक्षरे जुळवता जुळवता अर्थ निसटून जातो.

येथे तंत्रज्ञान साह्याला येते. संगणक किंवा भ्रमणध्वनी मजकूर वाचून दाखवतो. काही साधनांत उच्चारला जाणारा शब्द पडद्यावर ठळकही होतो. वेग कमी करता येतो, अक्षरे मोठी करता येतात. मूल बोलेल ते मराठीत उमटवण्याची सोय गूगलने २०१७ साली उपलब्ध केली.

‘ही कुबडी नव्हे का?’ असे काहीजण विचारतात. ज्या समाजाने वेद शतकानुशतके गुरुमुखातून ऐकून जतन केले, त्याने तरी श्रवणाला कमी लेखू नये! मात्र यंत्र अक्षरओळख करून देणार नाही. इतिहासाचा पाठ मुलाने खुशाल ऐकावा. भाषेच्या तासाला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड शिक्षकानेच नित्य, धीराने घालून द्यावी. दोन्ही प्रयत्न एकत्र चालले पाहिजेत.

ही कुणाची मेहेरबानीही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आणि ती लवकर ओळखण्याचे दायित्व शाळांवर टाकले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तके व योग्य साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची तरतूद त्यात आहे. पालकांनी संकोच सोडून तपासणी करून घ्यावी.

परंतु कायदा प्रेम देऊ शकत नाही. ते कार्यकर्त्याने द्यायचे असते. वस्तीतील अभ्यासिकेत एक जुना भ्रमणध्वनी ठेवा. यंत्राचा उच्चार अडखळतो तेथे पाठ्यपुस्तकातील धडा आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करा. आठवड्यातून एक तास पुरेल. घरातील आजी-आजोबांनाही हे काम सांगा. त्यांच्या वाणीत गोडवा असतो.

आपण समरस समाजाचे स्वप्न पाहतो. मग शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेले ते मूल त्या समाजाबाहेर कसे राहील? उद्या शाळेत गेल्यावर प्रथम त्याच्याजवळ जा आणि त्याला गोष्ट सांगायला सांगा. वाचायला नंतर.