वाचकाचा आवाज, श्रोत्याचा कान
(शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विणेकरी, टाळकरी, चोपदार, तुळशीवाल्या माउल्या आणि नांदेड-लातूरकडच्या गावोगावाहून आलेल्या मायबाप श्रोत्यांनो, सर्वांना दंडवत.

दिंडीच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा म्हटलं की आपण चालण्याचा मांडतो. किती वाऱ्या, किती मुक्काम. आम्ही आज ऐकण्याचा हिशेब मांडणार आहोत.

शंभर वर्षांपूर्वी आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. शाळा मोजक्या, वरचं शिक्षण उर्दूत. गावात मराठी पोथी सरळ वाचू शकणारे फार थोडे. वाचता येणारा कंदिलाजवळ बसून पोथी लावायचा आणि बाकीचं गाव ऐकायचं. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांना हरिपाठ तोंडपाठ होता, तो कानातून आलेला. नऊ भक्तींत श्रवण पहिलं आहे, आणि शहाण्या माणसाला आपण बहुश्रुत म्हणतो, म्हणजे पुष्कळ ऐकलेला. अमरावतीकडचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन ते एवढे थोर ग्रंथकार झाले. आपल्या नांदेडला गुरुद्वाऱ्यात अखंड पाठ चालतो. वाचणारे बदलतात, वाचन दोन दिवस तुटत नाही. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवरायांची ६१ पदं आहेत.

आता काळ बदलला. पुस्तकं मोबाइलवर बोलायला लागली. नाटक-सिनेमातले नट कादंबऱ्या वाचून देतात, पोथ्याही वाचून देतात. कित्येकांचा तो पोटापाण्याचा धंदाच झाला. आपली पोरं कानात वायर घालून ऐकायलेत. मग जाणती माणसं विचारतात, "महाराज, नटानं वाचलेलं पुण्यात धरायचं का?" प्रश्न रास्त आहे. दोन नटांची हकिगत सांगतो.

पहिले विष्णुपंत पागनीस. जन्म १८९२ चा, चिकोडीचा. नाटक कंपनीत त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. प्रभात कंपनीनं 'संत तुकाराम' काढायचं ठरवलं, तेव्हा दामले मास्तरांना शंका होती, की ह्या नाजूक चालीच्या माणसाला तुकोबा कसं करावं? पागनीस आधी देहूला जाऊन दर्शन घेऊन आले आणि मग कामाला उभे राहिले. १९३६ च्या डिसेंबरात चित्रपट आला. मुंबईत एकाच थेटरात तो ५७ आठवडे चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला परदेशी जाणकारांनी त्याचा गौरव केला. खेड्यांत पडदा लागला की माणसं पायताण काढून बसत, असं जुने लोक सांगतात. पुढं पागनीसांनी तुलसीदास केले, नरसी भगत केले. १९४३ ला ते गेले, पण तुकोबा म्हटलं की कित्येकांच्या कानात आजही त्यांचाच आवाज येतो.

दुसरा नट सातासमुद्रापलीकडचा, अलेक्झांडर स्कोर्बी. जन्म १९१३, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला, घराणं मूळचं ग्रीक. रंगभूमी केली, सिनेमेही केले. पण १९३७ पासून तो अंधांसाठी पुस्तकं वाचायला बसला. तेव्हा तबकड्या होत्या, एका बाजूवर जेमतेम पाव तास मावायचा. अशा तबकड्यांवर त्यानं संपूर्ण बायबल वाचलं. १९८५ ला मरेपर्यंत त्यानं अंधांसाठी चारशेवर पुस्तकं वाचली, आणि आयुष्यातलं मोठं काम तो हेच मानायचा. सिनेमात त्याचा चेहरा दिसत होता. ज्यांच्यासाठी तो वाचत होता त्यांना चेहरा दिसणारच नव्हता.

इथं नट आणि वाचक वेगळे होतात. नटाला दिसावं लागतं, वाचकाला बाजूला सरावं लागतं. ऐकणाऱ्याला वाचणारा आठवला नाही, ग्रंथ आठवला, की वाचन साधलं. आपले व्यासपीठ चालक हेच करतात. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत, म्हणजे रोज जवळजवळ तेराशे. घसा बसतो, पण ओवीचा तोल जात नाही. म्हणून नटानं वाचलं की पुजाऱ्यानं, ह्यापेक्षा तो बाजूला सरला का, हे बघावं.

पण एक सावधगिरी हवी. 'संत तुकाराम' मधला बीजाचा अभंग आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. तो तुकोबांचा नाही. चित्रपटासाठी कवी शांताराम आठवले यांनी तो रचला. त्यांनी कुणाला फसवलं नाही. आवाजच इतका खरा लागला, की भले भले तो गाथ्यात शोधत बसले. गोड आवाजाची ही ताकद आहे आणि हाच धोकाही आहे. ऐकावं मनापासून, पण गाथा उघडून ताडून बघावं.

आणखी एक गोष्ट आम्हाला बोचते. काही गावांत सप्ताह बसतो, भोंग्यावर पेनड्राइव्ह लागतो आणि मांडवात माणूस नसतो. आवाज सुरेल, उच्चार शुद्ध, ऐकायला मात्र खांब. यंत्राचा दोष नाही. डोळ्यानं अधू झालेल्या म्हाताऱ्याला, रात्री राखणीला बसलेल्या शेतकऱ्याला त्या यंत्रानं माउलींची ओवी घरपोच दिली. पण यंत्र अडखळलेल्या पोराला थांबवून "पुन्हा वाच बाळा" म्हणत नाही. ते काम बसलेल्या माणसांचं आहे. वाचक असाच तयार होतो, आणि तो तयार होणं थांबलं तर पुढच्या शंभर वर्षांत पोथी फक्त कपाटात राहील.

म्हणून दिंडीपुढं दोन गोष्टी ठेवतो. आपल्यात जे जुने वाचक उरलेत, त्यांची पारायणं ह्याच वर्षी मोबाइलवर नीट भरून ठेवा. शहरातला नट कितीही चांगला असो, आपल्या बोलीचा हेल त्याच्याकडं नाही. आणि वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी, हरिपाठ झाल्यावर, एका पोराला नाहीतर पोरीला पाव तास गाथा वाचू द्या. चुकलं तर हसू नका, सांभाळून घ्या.

चालणारे पाय आपल्याकडं पुष्कळ आहेत. वाचणारा गळा आणि ऐकणारा कान टिकला पाहिजे, एवढंच पांडुरंगाजवळ मागणं.

रामकृष्ण हरी!