पाताळातील अर्धे वर्ष

सुमेरी देवतांची गोष्ट निघाली की इनान्नाचे नाव प्रथम ओठांवर येते. सात दरवाजांवर एकेक अलंकार उतरवीत मृत्युलोकात गेलेली, तेथे निष्प्राण होऊन खुंटीला टांगली गेलेली आणि पुन्हा सजीव होऊन परतलेली ही देवी कोणालाही मोहून टाकील. परंतु आपल्या सुटकेच्या मोबदल्यात तिने ज्या पतीला, मेंढपाळ दुमुझीला, यमदूतांच्या हवाली केले, त्याच्या बहिणीविषयी मला आज बोलावयाचे आहे. तिचे नाव गेश्तिनअन्ना, म्हणजे स्वर्गीची द्राक्षवेल.

दुमुझीच्या स्वप्नाची एक स्वतंत्र सुमेरी रचना आहे. रानात निजलेल्या दुमुझीला दिसते की, एक एकाकी बोरू मान हलवीत आहे आणि जुळ्या बोरूंपैकी एक दूर केला जात आहे. अर्थ सांगावयास तो बहिणीलाच बोलावतो. कारण मृत्तिकापटावरील लेखन आणि स्वप्नांचे मर्म या दोन्ही विद्या तिला अवगत आहेत. एकाकी बोरू म्हणजे आपली माता, ती सांगते, आणि जुळे बोरू म्हणजे तू आणि मी. पुढे यमदूत येतात. ज्यांना स्वतःला अन्नपाणी ठाऊक नाही, जे कोणाचा नजराणा स्वीकारीत नाहीत, तेच तिच्यापुढे नदीभर पाणी आणि शेतभर धान्य ठेवतात. पण भावाचा ठावठिकाणा ती सांगत नाही. सांगतो तो त्याचा मित्र.

इनान्नाच्या अवरोहणकथेचा शेवट मात्र दीर्घकाळ अभ्यासकांना नीट लागलेला नव्हता. १९६६ साली सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी, उर येथील मृत्तिकापटावरील ओळींच्या आधारे, आपलेच पूर्वीचे मत जाहीरपणे दुरुस्त केले, आणि दुमुझीने अर्धे वर्ष व बहिणीने अर्धे वर्ष पाताळात काढावे हा निवाडा उजेडात आला. बहिणीचा वाटा असा मातीच्या तुकड्यांत अडकून पडला होता!

पाताळातही ती रिकामी बसत नाही. बाबिलोनी लोक तिला बेलेत-सेरी या देवीशी एकरूप मानीत. गिल्गमेशाच्या महाकाव्यात गिल्गमेशाचा मरणोन्मुख सखा एन्किदू याला स्वप्नात हीच बेलेत-सेरी दिसते, मृत्युलोकाच्या राणीपुढे गुडघे टेकून, हातातील पट वाचून दाखविणारी, त्या दरबारची दफ्तरदार.

अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या या वाटणीचा विचार करताना माझे मन मात्र एकाच ठिकाणी घोटाळते. भाऊ वर येतो तेव्हा बहीण खाली जाते. ज्याच्यासाठी ती अंधारात उतरते, त्याच्या सहवासाचा एक ऋतूही तिच्या वाट्यास येत नाही. रचना निराळ्या असल्या तरी, जुळ्या बोरूंचा अर्थ तिने रानात त्याला सांगितला तो हाच होता.