मानवी जनुकांचा धनी कोण?

मनुष्यदेहाच्या जवळजवळ प्रत्येक पेशींत आईबापांकडून आलेला एक वारसालेख असतो, हें श्रोत्यांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. डीएनए नांवाच्या द्रव्याच्या धाग्यावर तो अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असून त्याच्या एका प्रतींत सुमारें ३ अब्ज अक्षरें भरतात. तो समग्र वाचण्याचें कार्य अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं हातीं घेतलें व २००३ सालीं बहुतांशीं पुरें केलें. राहिलेल्या दुर्बोध जागा २०२२ सालीं वाचल्या गेल्या.

परंतु लेख वाचणें निराळें आणि त्याचें धनी होणें निराळें. १९९६ सालीं बर्म्युडा बेटावर जमलेल्या संशोधकांनीं असें ठरविलें कीं, वाचलेला मजकूर शक्यतों २४ तासांच्या आंत सर्व जगास मोफत खुला करावा. याच सुमारास अमेरिकेंतील मिरियड जेनेटिक्स या कंपनीनें मात्र बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या दोन जनुकांवर पेटंटें मिळविलीं. या जनुकांत विशिष्ट बिघाड असल्यास स्त्रीला स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग होण्याचा संभव फार वाढतो. बिघाड वेळींच कळला, तर वरचेवर तपासणी करून किंवा शस्त्रक्रियेनें पुष्कळदां जीव वाचवितां येतो. पण पेटंटांमुळें अमेरिकेंत या परीक्षेचा मक्ता एकाच कंपनीकडे राहिला; दर तिचा, निष्कर्षहि तिचाच, आणि दुसरीकडून खात्री करून घेण्याची वाट जवळजवळ बंद.

१३ जून २०१३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं, निसर्गानें घडविलेलें जनुक केवळ वेगळें काढल्यानें तें कोणाचा शोध ठरत नाहीं. प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें बनविलेल्या डीएनएचा तेवढा अपवाद झाला. लगोलग इतर प्रयोगशाळांनीं ही परीक्षा सुरू केली व दरहि उतरले.

मालकीचा प्रश्न असा सुटला, तरी गुप्ततेचा उरतोच. २००८ च्या अमेरिकन कायद्यानें जनुकांवरून नोकरींत व आरोग्यविम्यांत भेद करण्यास बंदी घातली. आयुर्विमा मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिला. शिवाय असा बिघाड बापाकडूनहि येऊं शकतो, आणि तो ज्याच्या अंगीं आहे त्याच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, मिळण्याचा संभव निम्मा असतो. अर्थात् एकीच्या रक्ताची परीक्षा तिच्या बहिणींचें व लेकरांचेंहि भवितव्य थोडेंबहुत उघड करते. यास्तव परीक्षा करविण्यापूर्वींच, जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानें, निकाल कोणास व केव्हां सांगावयाचा हें कुटुंबानें एकत्र बसून ठरवावें, हेंच श्रेयस्कर होय.