सजीवाचे छायाचित्र



इ. स. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात रॉबर्ट हुक याने सूक्ष्मदर्शकाखालील मुंगीचे चित्र दिले आहे, आणि ते काढताना पडलेल्या सायासांची हकीकतही प्रांजळपणे नमूद केली आहे. पाय मेणात रोवावेत तर मुंगी अंग पिळवटून घेई, मारावी तर तिचा आकार बिघडे. अखेर त्याने तिला मद्यार्क पाजून निपचित केले, आणि सुमारे तासाभराने ती शुद्धीवर येऊन चालती झाली.

बागेतले किडे-कोळी मेजावर आणून त्यांचे निकट छायाचित्रण करणाऱ्याची अडचण आजही मुळात तीच आहे. वस्तू आहे तेवढीच फिल्मवर उमटावयाची, तर भिंग केंद्रांतराच्या दुप्पट अंतरावर न्यावे लागते. तेणेकरून प्रकाश एक-चतुर्थांश उरतो, आणि छिद्र आठ क्रमांकावर ठेवले असता रेखीव दिसणारा भाग उणापुरा एक मिलिमीटर खोल असतो. यावर अलीकडे नामी उपाय निघाला आहे. भिंग किंचित किंचित सरकवीत अनेक छायाचित्रे घ्यावयाची आणि त्यांतील रेखीव अंश संगणकाकडून जुळवून घ्यावयाचे. परंतु तोवर त्या जीवाने हलू नये, ही त्याची शर्त असल्यामुळे, किडा शीतकपाटात गारठवून, किंबहुना मारूनच, मेजावर मांडण्याची प्रथा काही ठिकाणी पडली आहे. संग्रहालयातील वर्गीकरणासाठी नमुना लागतो, ती गोष्ट निराळी. एरवी ही प्रथा मला सर्वस्वी त्याज्य वाटते, कारण जे टिपावयाचे तेच तिच्यात नष्ट होते.

जाळे न विणता भिंतीवर दबा धरून माशीवर झेप घेणाऱ्या कोळ्याचेच पाहा. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे असतात. त्यांची भिंगे कवचात पक्की जडलेली असून आतील नळ्यांच्या टोकाशी असलेली दृष्टिपटले मात्र हलतात. त्यामुळे कोळी आपल्याकडे रोखून पाहत असला म्हणजे डोळा काळाभोर दिसतो, आणि नजर बाजूस वळताच त्याच डोळ्यात फिकट, तपकिरी झाक उतरते. हा पालट जिवंत कोळ्यावाचून कोठे दिसणार? शिवाय भिंग जवळ नेले असता तो पुष्कळदा पळून न जाता आपणहून वळून त्या काचेकडे टक लावतो. त्या क्षणासाठी कितीही तिष्ठावे लागले तरी मला ते थोडेच वाटते.

म्हणून स्टुडिओत बंदोबस्त करावयाचा तो प्रकाशाचा. तापणारे दिवे वर्ज्य करावेत. विद्युत्-झोताचा लखलखाट सेकंदाच्या सहस्रांशाहून अल्प असू शकतो, आणि तो पातळ कागदातून गाळून घेतला की चालता किडाही रेखीव येतो. प्राणी आपल्याच डहाळीवर, आपल्याच पानावर असावा. गोगलगाय शंखात शिरली तर पाण्याचा हलका शिडकावा करून स्वस्थ बसावे; वरच्या शिंगांच्या टोकाशी असलेले तिचे डोळे सावकाश बाहेर येतात.

मृगाच्या सरींनंतर जमिनीवर येणारा मखमली लाल मृगाचा किडा वस्तुतः आठ पायांचा, म्हणजे कोळ्यांच्या गोतातला. जुन्या, तांबड्या रंगाला अंध असलेल्या फिल्मवर तो काळा ठिपकाच उमटत असे. हात लागताच तो पाय आखडून घेतो. यास्तव त्याला ओल्या मातीसकट ताटलीत आणावा, चालू लागला की एक-दोन छायाचित्रे घ्यावीत, आणि माती वाळण्यापूर्वी मूळ जागी नेऊन सोडावा, कारण त्याचे जमिनीवर वावरण्याचे दिवस मोजके असतात आणि तेवढ्यातच त्याला भक्ष्य आणि जोडीदार दोन्ही शोधावयाचे असतात.